चिपीला उतरणाऱ्या पाहुण्याचा पुढचा प्रवास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळ्यात विमानाने समुद्रकिनारी जाऊन चार दिवस राहण्याची हौस आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यात येऊ लागली आहे. त्यासाठी बहुतेकांच्या तोंडी गोव्याचे नाव असते. पण तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, शिरोडा असे किनारे असलेल्या आमच्या सिंधुदुर्गातही तेवढ्याच खर्चात, किंबहुना कमी खर्चात, ही सहल होऊ शकते. ती होत नाही याचे कारण विमानाच्या तिकिटापेक्षा विमानतळाबाहेरच्या व्यवस्थेत आहे, याकडे या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी आमच्या जिल्ह्यातला चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा पर्यटनावर पोट असणाऱ्या प्रत्येकाला आनंद झाला होता. मात्र तेथील विमानसेवा सलग राहिली नाही. देशातील विमानांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते आणि मार्चअखेरपर्यंत चालते. पुण्या-बंगळुरूचे कुटुंब नाताळ किंवा जानेवारीची सहल गणपतीनंतर ठरवू लागते. त्या वेळी चिपीला कोणत्या दिवशी विमान येणार हेच निश्चित नसेल, तर ते उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचे तिकीट काढून मोकळे होते. तेव्हा चिपीचे हिवाळी वेळापत्रक विमान कंपन्यांनी गणेशोत्सवापूर्वी जाहीर करावे आणि हंगाम संपेपर्यंत पाळावे.

दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा एसटीचा. मोपा विमानतळावरून गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या बसगाड्या पणजी-मडगावकडे सुटतात. चिपीला उतरलेल्या प्रवाशाला मात्र मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याला जायचे तर खासगी गाडीच ठरवावी लागते, आणि लवकर आरक्षण करून तिकिटात वाचवलेले पैसे त्या भाड्यात जातात. विमान उतरल्यावर तासाभरात मालवणला एक आणि कुडाळ रेल्वे स्थानकाला एक, अशा दोनच गाड्या महामंडळाने सोडल्या तरी चौघांच्या कुटुंबाचा मोठा खर्च वाचेल. उतारू कमी असले तर छोटी गाडी चालेल. पण ती विमानाच्या वेळेला बांधलेली हवी, विमानाला उशीर झाला तर थांबणारी हवी.

ज्यांना यंदाच यायचे आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे दोन शब्द. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळावा. त्या दिवसांत विमान आणि खोली दोन्हींचे दर चढलेले असतात. ज्यांना शाळेच्या सुट्टीची अट नाही, अशा निवृत्तांनी आणि लहानग्यांच्या पालकांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा निवडावा. तेव्हा समुद्र शांत असतो, मालवणच्या पाण्यात तळ दिसावा इतकी स्वच्छता असते आणि दुपारचे ऊन सोसवते. शिरोडा, रेडी, वेंगुर्ले करायचे असेल तर मोपाला उतरले तरी चालेल, कारण तो विमानतळ आमच्या सीमेलगतच आहे. मालवण-तारकर्लीसाठी चिपी सोयीचा. तिकीट काढण्यापूर्वी मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख मात्र अवश्य विचारावी. ती तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळणे जवळजवळ अशक्य होते. राहण्यासाठी गावातल्या निवास-न्याहारीच्या घरांना प्राधान्य द्यावे. तेथे घावणे-चटणी आणि ताज्या मासळीचे जेवण हॉटेलपेक्षा स्वस्तात मिळते आणि पैसा गावातल्या घरात राहतो.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जिल्हा प्रशासन, परिवहन महामंडळ आणि विमानतळ चालवणारी यंत्रणा यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून या दोन गाड्यांचे वेळापत्रक तरी ठरवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परुळे (ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग)