माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र: सैनिकाने स्वतः शिकायचे ठरवले तर?

प्रति,
माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: निवृत्त सैनिक व अग्निवीर यांच्या स्वतःच्या उच्च शिक्षणासाठी शुल्कमाफी आणि प्रवेशाची तरतूद करण्याबाबत.

महोदय,

सैनिकांच्या कुटुंबांना शिक्षणाच्या सवलती मिळत नाहीत, अशी तक्रार घेऊन मी हे पत्र लिहीत नाही. सवलती आहेत आणि अलीकडे त्या वाढल्याही आहेत. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत मिळणाऱ्या पंतप्रधान शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलीला दरमहा ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळणारे अनुदान १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी दरमहा १,००० रुपयांवरून २,००० रुपये झाले. अभियांत्रिकीच्या प्रवेशप्रक्रियेत सैनिकांच्या पाल्यांसाठी राखीव जागा आहेत. परंतु या साऱ्या योजनांचा लाभार्थी सैनिकाचा मुलगा, मुलगी किंवा विधवा पत्नी असते. ज्याने प्रत्यक्ष सेवा केली, त्याला स्वतःला पुढे शिकावेसे वाटेल, हे यांपैकी कोणत्याही योजनेने गृहीत धरलेले नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून सैन्यात जाणारा मुलगा बहुधा बारावीनंतर, पुष्कळदा दहावीनंतरच जातो. कोरडवाहू कापसावर घर भागत नाही, पाठची भावंडे शिकत असतात, आणि बरोबरीची मुले कॉलेजचे अर्ज भरत असतात त्या वयात हा पहाटे मैदानावर भरतीसाठी धावत असतो. सतरा-अठरा वर्षांची सेवा करून तो पस्तिशी-सदतिशीत गावी परततो, तेव्हा निवृत्तिवेतन हाती असते. शिक्षण मात्र जिथे सुटले तिथेच असते. पुढची वीस वर्षे करायचे काय, याचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे बँकेच्या दारावरची किंवा एखाद्या कारखान्यातली सुरक्षारक्षकाची नोकरी. त्या कामाला मी कमी लेखत नाही, पण सिग्नल रेजिमेंटमध्ये संदेशयंत्रणा सांभाळलेल्या किंवा लष्करी रुग्णालयात परिचर्येचे काम केलेल्या माणसापुढे तेवढाच एक पर्याय असावा, हे मला पटत नाही.

दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला केंद्र शासनाच्या गट ‘क’ पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाते, याकडे अधिकारी नेहमी बोट दाखवतात. ही समकक्षता नोकरीच्या अर्जापुरती आहे. तिच्या आधारे बी.एड.ला किंवा एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, आणि अनेक माजी सैनिकांना हे महाविद्यालयाच्या खिडकीशी उभे राहिल्यावरच कळते. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र करून, पूर्ण शुल्क भरून, प्रथम वर्षाच्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसण्याचे धैर्य किती जण दाखवतील?

अग्निवीरांचा, म्हणजे अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या सैनिकांचा, प्रश्न याहून तातडीचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षण सुरू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात, आणि कायम सेवेत त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के जातात. उरलेली मुले साधारण विशीतली, म्हणजे ऐन शिकण्याच्या वयाची असतील. सेवानिधीची, म्हणजे सेवेअखेर एकरकमी मिळणारी, रक्कम त्यांना मिळेल. निवृत्तिवेतन मिळणार नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही मिळणार नाही. त्यामुळे सैनिक बोर्डाच्या ज्या सवलती त्या दर्जावर अवलंबून आहेत, त्या त्यांच्या मुलांनाही मिळणार नाहीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने त्यांच्यासाठी पदवी आखली आहे आणि तिचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतील प्रशिक्षणातून मिळतात. ही तरतूद चांगली आहे. पण ज्याची ही पदवी अर्धवट राहील, त्याला धुळ्याच्या किंवा शहाद्याच्या महाविद्यालयात थेट पुढच्या वर्षाला घेतील काय, याचे उत्तर आज कोणी देत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न १९४४ सालीच, महायुद्ध संपण्यापूर्वी, हाती घेतला. परतणाऱ्या सैनिकाचे शिक्षणशुल्क सरकारने भरायचे आणि शिकत असताना त्याला निर्वाहभत्ताही द्यायचा, असा कायदा तेथे झाला. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. पुढे राखीव दलातील सैनिकांनाही तेथे अशी तरतूद मिळाली. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. परंतु शिक्षणाचा हक्क सैनिकाच्या स्वतःच्या नावाने असावा, हे तत्त्व मान्य करायला मोठ्या तिजोरीची गरज नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. माजी सैनिक आणि सेवामुक्त अग्निवीर यांना पहिल्या पदवीसाठी अशीच माफी द्यावी, आणि ती बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांनाही लागू असावी, कारण आमच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत प्रामुख्याने हेच शिकवले जाते. पंतप्रधान शिष्यवृत्ती या पदव्यांना मिळत नाही, ही खेड्यातल्या फौजीच्या मुलांचीही जुनी अडचण आहे. सेवेतील श्रेयांक मान्य करण्याचा निर्णय आपल्या एकट्या खात्याचा नाही, याची मला जाणीव आहे. उच्च व तंत्रशिक्षण विभाग, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांना एकत्र बसवण्याचे काम मात्र आपण करू शकता. प्रादेशिक सेनेतील (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नागरी जीवन सांभाळून करायची अंशकालीन सैनिकी सेवा) विद्यार्थ्यांना वार्षिक प्रशिक्षणाच्या काळात उपस्थितीची सूट द्यायला तर एक परिपत्रकही पुरेल.

अर्जाची सोयही तालुक्याला हवी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाने एका शिक्क्यासाठी दिवस घालवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, हे योग्य नाही. सेवामुक्त अग्निवीर जून २०२७ च्या प्रवेशांसाठी महाविद्यालयांत येतील. त्याआधीचे शैक्षणिक वर्ष सुरू असतानाच शासन निर्णय निघावा, म्हणजे प्राचार्यांना आणि विद्यापीठाला तयारीस वेळ मिळेल, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
अमळनेर, जिल्हा जळगाव