आफ्रिकी भाषांच्या कामाची दखल घ्या, आणि आपले जुने अंक खुले करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला एआय आणि भाषांवरचा लेख वाचला, लेख चांगला होता, पण त्यात आफ्रिकेबद्दल एकच वाक्य होतं की तिथल्या भाषा टेक्नॉलॉजीत फार मागे आहेत, ते वाचून राहवेना म्हणून लिहितेय. डेटा कमी आहे हे खरंय, त्याबद्दल वाद नाही. पण मी स्वतः मराठी बातम्यांवर लेबलं लावायचं काम करते, म्हणजे बातमीतलं कुठलं नाव माणसाचं, कुठलं गावाचं, कुठलं संस्थेचं ते मशीनला शिकवायला खुणा करून द्यायच्या, आणि हे काम शिकताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नैरोबी, लागोस, प्रिटोरिया इथल्या लोकांनी लिहून ठेवलेल्या गोष्टींचा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा नाही. त्यामुळे "मागे" हा शब्द मला फार लागला.

आधी मासाखानेबद्दल सांगते. हा आफ्रिकाभरच्या लोकांचा गट २०१९ ला सुरू झाला, जेड अ‍ॅबट आणि लॉरा मार्टिनस या दक्षिण आफ्रिकेतल्या दोघींनी सुरुवात केली आणि डीप लर्निंग इंदाबा म्हणून तिथे दरवर्षी मोठं संमेलन भरतं त्यातून माणसं जोडली गेली. नाव झुलू भाषेतलं आहे, आपण मिळून उभारूया असा अर्थ. यात प्रोफेसर होते, विद्यार्थी होते, भाषांतरकार होते, आणि कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण न घेतलेलेही बरेच होते. २०२० मध्ये त्यांचा पेपर आला, तीसहून जास्त आफ्रिकी भाषांसाठी मशीन भाषांतराची सुरुवात करून देणारा, आणि त्या पेपरवर चाळीसहून जास्त लेखकांची नावं आहेत. ज्यांनी वाक्यं जमवली, ज्यांनी भाषांतरं तपासली, ते पण लेखक. आमच्या क्षेत्रात हे किती दुर्मिळ आहे ते बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. इथे लेबलं लावणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही, फार तर शेवटी आभारात एक ओळ, तीही "स्वयंसेवकांचे आभार" अशी बिननावाची.

आणि हे सगळं कुठल्या परिस्थितीत, तर २०१८ आणि २०१९ ला कॅनडात या क्षेत्रातली सगळ्यात मोठी परिषद झाली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी संशोधकांना व्हिसाच मिळाला नाही. आपल्याच भाषेवरचं काम मांडायचं आणि दारातूनच परत फिरायचं. पुढे २०२३ ला आयसीएलआर ही तशीच मोठी परिषद रवांडात, किगालीला भरली, पण तोवर या लोकांनी व्हिसाची वाट बघत कामं अडवून धरली नव्हती.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट. २०२१ मध्ये मासाखानेनेच दहा भाषांसाठी नावं ओळखायचा डेटासेट केला, अम्हारिक, हाउसा, इग्बो, किन्यारवांडा, लुगांडा, लुओ, नायजेरियन पिजिन, स्वाहिली, वोलोफ आणि योरुबा. पुढच्या वर्षी तो वीस भाषांवर गेला आणि त्यात झुलू, खोसा, शोना वगैरे आल्या. झुलूत गंमत अशी आहे की नावाला पुढून प्रत्यय चिकटतो. नुसतं मंडेला असं वाक्यात सहसा येत नाही, उमंडेला येतं, "मंडेलांकडे" म्हणायचं तर कुमंडेला, आणि "आणि मंडेला" असं म्हणायचं तर नोमंडेला. रोमन लिपीत लिहिताना कॅपिटल अक्षर शब्दाच्या मधे येतं, कारण कॅपिटल नावाचं, प्रत्ययाचं नाही. इंग्रजीवर बेतलेले जुने प्रोग्राम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर नजर ठेवून नाव हुडकायचे, ते इथे साफ फसतात. मग लेबल लावणाऱ्याने ठरवायचं काय, नुसत्या मंडेलावर खूण करायची की प्रत्ययासकट अख्ख्या शब्दावर? आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या टोकाला आहे, मंडेलांनी, मंडेलांकडून, पुण्याहून, पुण्यापर्यंतच्या, आपले प्रत्यय मागून चिकटतात आणि देवनागरीत कॅपिटल तर नाहीच. इंग्रजीच्या सूचनांमध्ये याचं उत्तर मिळणारच नाही कारण इंग्रजीत हा प्रश्न पडतच नाही. आम्हाला आफ्रिकेतल्या या लोकांकडे बघून हे कळलं की असले निर्णय त्या भाषेत वाढलेल्या माणसांनी एकत्र बसून, भांडून, लिहून ठेवून करायचे असतात, ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने एकट्याने करायचे नसतात.

तुम्ही संपादक आहात म्हणून मुद्दाम सांगते की त्या डेटासेटमधला मजकूर आला कुठून तर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भाषेतल्या बातम्यांतून. दक्षिण आफ्रिकेत वुकोसी मारिवाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेत्स्वाना आणि सेपेडी या तिथल्या भाषांसाठी रेडिओ आणि सरकारी प्रसारण संस्थेच्या बातम्यांचे मथळे जमवून विषयवार डेटा केला. म्हणजे बातमीदार, उपसंपादक यांनी रोजच्या घाईत लिहिलेलं गद्य हाच त्या भाषांचा पाया ठरला.

याआधी काय होतं तेही सांगायला हवं. बऱ्याच आफ्रिकी भाषांमध्ये मोठ्या प्रमाणात समांतर मजकूर, म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत, मिळायचा तो एकतर बायबलचा, नाहीतर यहोवाज विटनेसेस या पंथाच्या मासिकांचा. त्या मासिकांवरून २०१९ ला तीनशेहून जास्त भाषांचा एक संग्रह केला गेला, जेडब्ल्यू ३०० नावाचा, आणि सुरुवातीचं खूपसं काम त्याच्यावरच झालं. मग कॉपीराइटचा प्रश्न निघाला आणि तो संग्रह खुल्या वितरणातून काढून घ्यावा लागला. म्हणजे आधीच भाषेचं मशीन प्रवचनाच्या सुरात बोलायला शिकलेलं, त्याला बाजार, दवाखाना, शेती, मारामारी यातलं काही माहीत नाही, आणि वर जमीनच पायाखालून गेली. इतके दिवस ज्याच्यावर काम केलं ते वापरताच येत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

आणि इंटरनेटवरून आपोआप गोळा केलेला डेटा? तिथे तर अजून वाईट. या भाषा बोलणाऱ्या, आणि काही ठिकाणी न बोलणाऱ्याही, माणसांनी बसून इंटरनेटवरून उपसलेले २०५ संग्रह हाताने तपासले, तो पेपर २०२२ ला छापून आला. त्यातल्या निदान १५ संग्रहांमध्ये वापरण्यासारखं एकही वाक्य नव्हतं, आणि बऱ्याच संग्रहांत निम्मीसुद्धा वाक्यं धड नव्हती. काहींवर तर भाषेचं लेबलच चुकीचं. अशा डेटावर शिकलेलं मशीन मग म्हणणार की "आम्ही शेकडो भाषांना सपोर्ट करतो", आणि आपण टाळ्या वाजवणार. हे शोधून काढायला माणसांनाच बसून वाक्यं वाचावी लागली.

२०२२ च्या मे महिन्यात गूगल ट्रान्सलेटमध्ये २४ भाषा एकदम आल्या, त्यात लिंगाला, ट्वी, ओरोमो, तिग्रिन्या, लुगांडा अशा दहा आफ्रिकी भाषा होत्या आणि त्याच यादीत आपली कोंकणीही होती. आपल्याकडे बातमी झाली ती आपल्या भाषांची. लिंगाला आणि कोंकणी एकाच यादीतून आलेल्या, दोघींचं दुखणं एकच, लिहिलेलं कमी आणि बोललेलं उदंड, पण लिंगालावाल्यांना काय अडचणी आल्या हे गोव्यात कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

बोललेल्यावरून आठवलं, रवांडाचं उदाहरण तर छापलंच पाहिजे. तिथे महिन्यातून एक शनिवार सगळा देश उमुगांडा करतो, आपलं श्रमदानच. त्याच नावाने डिजिटल उमुगांडा म्हणून गट निघाला आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज जमवायच्या खुल्या प्रकल्पासाठी लोकांनी किन्यारवांडात वाक्यं वाचून वाचून २००० तासांहून जास्त आवाज जमा केला. एवढासा देश, आणि जगातल्या मोठमोठ्या भाषांना मागे टाकेल एवढा खुला आवाज-डेटा.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका जुन्या संग्रहाने. १८७० च्या सुमारास केप टाउनला विल्हेल्म ब्लीक आणि ल्यूसी लॉइड या भाषेच्या अभ्यासकांनी खाम या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या कथा, गाणी, आठवणी वह्यांमध्ये उतरवून घेतल्या, हजारो पानं. सांगणारे कोण, तर केपच्या तुरुंगात गुराढोरांच्या चोरीवगैरेसाठी आणलेले खाम लोक, ज्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या. त्यातला एक कॅबो, त्याच्या नावाच्या सुरुवातीला जिभेचा क्लिक आवाज आहे ज्याला देवनागरीत अक्षर नाही. शिक्षा संपल्यावरही तो सांगत राहिला, आपल्या लोकांच्या गोष्टी पुस्तकातून कळाव्यात म्हणून थांबला, त्याला घराची फार ओढ होती. आज खाम बोलणारं कुणी उरलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावरचं ब्रीदवाक्य २००० सालापासून खाम भाषेत आहे, वह्या १९९७ ला युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेल्या, केप टाउन विद्यापीठाने त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवल्यात, हे सगळं फार मोलाचं काम आहे. तरी संग्रहाला नाव ब्लीक आणि लॉइड यांचं. त्यांचं श्रेय मला नाकारायचं नाही, ल्यूसी लॉइडने तर ब्लीक गेल्यावरही पुढे कितीतरी वर्षं काम रेटलं. पण शब्द कॅबोचे होते. म्हणून मासाखानेच्या पेपरवरची ती लांबलचक नावांची यादी मला एवढी महत्त्वाची वाटते.

स्कॅनिंगला वेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच विद्यापीठात १८ एप्रिल २०२१ ला काय झालं ते बघावं. डोंगरावरचा वणवा खाली उतरला आणि जॅगर वाचनालय पेटलं, आफ्रिकेवरच्या छापील पुस्तकांचा आणि फिल्म्सचा मोठा साठा एका दिवसात गेला.

पश्चिम आफ्रिकेत तर आणखी एक पदर आहे, अजमीचा. वोलोफ, हाउसा, फुला या भाषा लोक कित्येक पिढ्या अरबी लिपीत लिहीत आलेत, हिशोब, औषधं, कविता, पत्रं. फ्रेंच-इंग्रजी सरकारांनी साक्षरता मोजली ती रोमन लिपीत, त्यामुळे रोज लिहिणारी-वाचणारी माणसं सरकारी कागदावर निरक्षर ठरली. सेनेगलचे फालू न्गोम यांनी घराघरांतल्या अशा हस्तलिखितांचं डिजिटायझेशन हाती घेतलं आणि हे ज्ञान जगासमोर आणलं. हे वाचताना कुठल्याही मराठी माणसाला मोडी आठवणारच. आपल्या दप्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत, वाचणारे कमी, आणि मोडी वाचणारं मशीन तयार करायचं तर आधी मोडी वाचणाऱ्या माणसांनी बसून हजारो ओळी लिप्यंतर करून द्यायला लागतात. हे काम इंजिनियर आणि इतिहासवाले एका टेबलावर बसल्याशिवाय होत नाही. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी सरकारी पैशाने चालणारं सडिलार हे केंद्र आहे, पॉचेफस्ट्रूमला, तिथे अधिकृत भाषांचे कोश, मजकूर, आवाज, सगळं एका जागी मिळतं आणि मानव्यशास्त्रवाल्यांना डिजिटल साधनं वापरायचं प्रशिक्षणही देतात. असं एक दार महाराष्ट्रात कुठलं ठोठावायचं हे मला कुणी सांगावं.

आता मालकीचं. डेटा खुला करा म्हणताना भीती असते की फुकट दिलेलं उचलून मोठी कंपनी आपल्यालाच विकणार, आणि ही भीती रास्त आहे. यावरही आफ्रिकेतल्या लोकांनी डोकं लावलंय. प्रिटोरिया आणि नैरोबीच्या कायदेतज्ज्ञांनी न्वुलिते ओबोडो नावाचं लायसन्स तयार केलं, इग्बो नाव आहे, ज्यात विकसनशील देशातल्या वापरणाऱ्याला मोकळीक आणि श्रीमंत देशातल्या कंपनीने वापरलं तर समाजाला काहीतरी परत द्यायची अट. हे कितपत चालेल ते काळच सांगेल पण निदान "सगळं खुलं" आणि "सगळं कुलुपात" याच्या मधे काहीतरी असू शकतं हे त्यांनी मांडलं, आपण अजून तिथवर पोचलेलोही नाही.

म्हणून संपादकसाहेब माझी आपल्याला दोन कामांची विनंती आहे. पहिलं, या विषयावर आफ्रिकेतल्या लोकांच्या कामाबद्दल नीट लेख छापा, कंपन्यांच्या घोषणा छापता तसे. दुसरं मोठं आहे. आपल्या पेपरचे जुने अंक संशोधनासाठी खुले करा, अटी घाला, हव्या त्या घाला, पण करा. मला माहितीय की युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं सारखी उमटवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातला मराठी वर्तमानपत्रांचा मजकूर बराचसा वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय, उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, पण ते बदलायचे प्रोग्राम आहेत आणि उरलेलं हाताने दुरुस्त करता येतं, जोडाक्षरं आणि रफार तिथेच जास्त बिघडतात. जिल्हा आवृत्त्या आधी घ्या असं माझं मत आहे, कारण बाजारभाव, जत्रा, पाणीटंचाई, वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाची वाक्यं त्यात सापडतील, मुख्य आवृत्तीत नाही. आणि ज्या वार्ताहरांनी ते लिहिलं त्यांची नावं मजकुराबरोबर राहू द्या, नावांचा रकाना काढून टाकू नका. पहिल्या वर्षीचे अंक तपासायला मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या काही जणी शनिवारी यायला तयार आहोत, आपण फक्त कुणाला भेटायचं ते कळवा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे