कोळशातल्या साठ्याचा आकडा छापण्याआधी

संपादक महोदय,

खोदायला न परवडणाऱ्या खोल कोळशाच्या थरांत कार्बन डायऑक्साइड कायमचा साठवता येईल, अशा बातम्यांत 'क्षमता अमुक टन' एवढेच छापले जाते. हा आकडा बहुधा असा निघतो: क्षेत्र १ चौरस किलोमीटर, जाडी ५ मीटर, घनता घनमीटरला १.४ टन, म्हणजे ७० लाख टन कोळसा; टनामागे २० घनमीटर वायू धरला की सुमारे २.६ लाख टन कार्बन डायऑक्साइड. गुणाकार बरोबर आहे. पण थर तेवढा वायू आत घेईल का, हे त्यातून मुळीच कळत नाही.

खरी अडचण कोळसा फुगण्याची. तो त्यात मुळात असलेल्या मिथेन वायूच्या साधारण दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरतो आणि धरता धरता फुगतो. वायू ज्या बारीक भेगांतून सरकतो त्या आवळत जातात. पारगम्यता (वायू किती सहज सरकतो) सच्छिद्रतेच्या (मोकळ्या जागेच्या हिश्श्याच्या) घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे भेगांची सच्छिद्रता १ वरून ०.५ टक्क्यावर आली तर पारगम्यता आठव्या हिश्श्यावर येते. जपानमध्ये युबारीला झालेल्या प्रयोगात हेच झाले. थरात नायट्रोजन सोडल्यावर वायू आत जाण्याचा दर वाढला, पण तात्पुरता. पोलंडच्या रेकोपोल प्रयोगात २००५ साली थराला दाबाने भेगा पाडाव्या लागल्या, तरी एकूण सुमारे ७६० टनच वायू आत गेला.

हा परिणाम विहिरीलगत सर्वांत तीव्र असतो. संगणकावरच्या मॉडेलमध्ये थर चौकटींत विभागतात; तिथे ५० मीटरच्या चौकटी ठेवल्या तर तो सरासरीत विरतो आणि दर फसवा मोठा दिसतो. तिथे मीटरभराच्या किंवा त्याहून लहान चौकटी हव्यातच. अधिशोषणाची, म्हणजे कोळसा पृष्ठभागावर किती वायू धरतो याची, चाचणीही थराच्या तापमानाला, ओलाव्यासकट करावी. कोरड्या कोळशावरची मात्रा जास्त येते. ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७.३८ मेगापास्कल या कार्बन डायऑक्साइडच्या क्रांतिक बिंदूच्या पुढे तर उपकरणाने मोजलेली मात्रा आणि प्रत्यक्ष धरलेली मात्रा यांत मोठा फरक पडतो. ती दुरुस्ती न करताच लँगम्यूरचे समीकरण (दाबानुसार धरलेली मात्रा सांगणारे) बसवलेले असेल, तर पुढचे सगळे गणित चुकते.

आणि शेकडो वर्षांचे भाकीत? वायूला कोळशात धरून ठेवतो तो दाब. शेजारी खाणीसाठी पाणी उपसले की दाब उतरतो आणि वायू सुटतो, उरलेल्या मिथेनसह. मॉडेल फक्त थरापुरते, कडा बंद धरून चालवले तर हे दिसतच नाही. वरचा खडक, जुने बोअर, त्यांचे सिमेंट, भूजलाची हालचाल हे सारे त्यात घ्यावे लागते.

आपल्या वार्ताहरांनी किमान एवढे विचारावे: चाचणी विहिरीतून थरात वायू सोडण्याचा दर किती दिवस टिकला, आणि मॉडेलने त्या विहिरीच्या दाबाच्या नोंदी जुळवून दाखवल्या का? त्या जुळत नसतील तर हजार वर्षांचा आलेख छापू नये.

आपले,
भूगर्भीय मॉडेलिंगमध्ये काम करणारे काही अभियंते