न छापलेल्या फोटोसाठी

ताई, जोहार.

एवढी वर्षं हे पत्र लिहिण्याची सोय नव्हती. आमच्या एटापल्ली-भामरागडकडे कोण कोणासोबत फिरला, कोणाच्या घरी जेवला, याचा हिशोब पोलीस आणि नक्षलवादी, दोन्हीकडून ठेवला जायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा म्हटलं, आता लिहून टाकू. तरी गावाचं नाव लिहीत नाही आणि तुमचंही नाही. ही सवय तुम्हीच लावली.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो. मला इथली माडिया भाषा येते आणि मोटारसायकल आहे, म्हणून नागपूर-मुंबईचे पत्रकार मला सोबत घेत. त्यातल्या काहींना घाई फार. एकाने तर शाळेतून आलेल्या पोरांच्या हाती धनुष्यबाण देऊन त्यांना झाडाखाली उभं केलं होतं. तुम्ही मात्र "थोडं इकडे बघा" एवढंही कोणाला म्हणाला नाहीत. माझा तर धंदाच लोकांना "हसा जरा" म्हणण्याचा. पहिल्या दिवशी वाटलं, या बाईंना फोटो काढायचेत की नाही!

तुमचे नियम तेव्हा विचित्र वाटायचे. हिरवट कपडे घालायचे नाहीत. जवानांसोबत एका गाडीत बसायचं नाही. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ खासगी गाडीतून निघालेले १५ जवान आणि त्यांचा चालक सुरुंगात गेले, तेव्हा हा नियम मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. लांब लेन्स बॅगेतच ठेवायची, कारण दुरून ती बंदुकीच्या नळीसारखी दिसते. म्हणून छोटी लेन्स घेऊन जवळ जायचं, आणि जवळ जायचं तर आधी बसायचं, बोलायचं, कोणी दिलं तर आंबील प्यायची. फोटो पाठवण्याआधी त्यातली जागेची नोंद पुसायची. फोटोखालच्या ओळीत फक्त जिल्हा.

जुलै २०२१ मध्ये फोटोपत्रकार दानिश सिद्दिकी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला मारले गेले. रोहिंग्यांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या ज्या चमूला २०१८ चा पुलित्झर मिळाला, त्यात ते होते. बातमी वाचून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "आम्ही निदान परत जायच्या तयारीने जातो. तिथला गाडीवाला, भाषा सांगणारा, त्याला कुठे परत जायचंय? तो तिथलाच." हे माझ्याबद्दलही होतं, ते मला कळलं. तुमच्या कुठल्याच बातमीत माझं नाव का नसायचं, तेही कळलं. दर वेळी मला विचारायचात, मी नको म्हणायचो, आणि पैसे मात्र वेळेवर यायचे. (हे सगळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही.)

पण आभार मानायचे आहेत ते त्या एका फोटोसाठी.

गावातल्या एकाला रात्री घरातून नेलं आणि सकाळी मारून रस्त्यावर टाकलं. बाजूला पत्रक, "पोलिसांचा खबऱ्या". तो खबऱ्या होता की नव्हता, हे गावात आजही कोणी बोलत नाही. बाकीच्यांना त्याच्या बायकोचा रडता चेहरा हवा होता. तुम्ही अंगणात बसलात, कॅमेरा बॅगेत. तिने आधार कार्ड आणून दाखवलं. फ्रेम करायला नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता घरात, आणि आधारवरचा चेहरा म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे, काळा डाग.

तुम्हाला मे महिन्यातली तेंदूची फळी, म्हणजे पानांचे पुडे मोजून देण्याची जागा, आठवली. घरी जाऊन जुन्या फाइली धुंडाळल्यात आणि त्याचा फोटो सापडला: पुढ्यात सत्तर-सत्तर पानांचे पुडे, मोजता मोजता कोणावर तरी हसतोय. आमच्या नेटवर ती फाइल उतरायला रात्र गेली. त्याचा चेहरा क्रॉप करून मी मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली, तिला नेऊन दिली.

मी तीस लग्नांत एक असा फोटो काढत असेन. अंकाच्या मुखपृष्ठावर शोभला असता, आणि त्या आठवड्यात त्याला कोणीही हवी ती किंमत दिली असती. तुम्ही तो कुठेच दिला नाही. कारण त्याच्या शेजारी तिघं बसले होते आणि तिघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. खबऱ्याच्या बाजूला बसून हसणारा माणूस तेव्हा काय ठरला असता, हे तुम्ही ओळखलंत. ते तिघं आज आपापल्या घरी आहेत. त्याबद्दल त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने आभार.

आता एक काम आहे. त्या तिघांपैकी एक जण परवा दुकानात आला होता. म्हणाला, "भाऊ, त्या बाईनं फळीवर आमचा फोटो काढला होता ना जी, तो भेटन का?" मी दुसऱ्या दोघांना विचारलं. एक हो म्हणाला. एक अजून नको म्हणतो, आणि त्याचं चूक आहे असं मला वाटत नाही. तर नको म्हणणाऱ्याला क्रॉपमध्ये वगळून फाइल पाठवता, की पूर्ण पाठवता आणि मी इथे क्रॉप करू, ते कळवा. प्रिंटचा खर्च माझा.

तुमचा,
स्टुडिओवाला भाऊ