तिकीट पाकिटावरच राहू द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी टपाल तिकिटांचा उल्लेख आपल्या वृत्तपत्रांत आला, तर तो बहुधा लिलावाच्या बातमीतच येतो. उलटे विमान छापले गेलेले १९१८ सालचे २४ सेंटांचे तिकीट पुन्हा किती लाख डॉलरना विकले गेले, किंवा बेंजामिन फ्रँकलिनचे 'झेड ग्रिल' (कागदावर जाळीदार ठसा उमटवलेले) तिकीट, ज्याच्या दोनच प्रती ज्ञात आहेत, २०२४ मध्ये ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला कसे गेले, एवढे सांगून बातमी संपते. त्यामुळे हा छंद म्हणजे छपाईतल्या चुका हेरून नशीब काढण्याचा मार्ग, असा वाचकांचा समज होतो. अमेरिकी तिकिटांचाच संग्रह करणारा वाचक म्हणून या समजाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात, आणि जुनी पत्रे हाती आलेल्यांना एक कळकळीची विनंतीही करायची आहे.

उलट्या विमानाचेच उदाहरण घेऊ. त्या चुकीचे शंभर तिकिटांचे एकच पान वॉशिंग्टनमधल्या पोस्टाच्या खिडकीवर विकले गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र सरळ छापलेले तिकीट अधिक बोलके वाटते. भिंगाखाली धरले, तर विमानाच्या अंगावर ३८२६२ हा क्रमांक वाचता येतो, आणि १५ मे १९१८ रोजी अध्यक्ष विल्सन यांच्या उपस्थितीत वॉशिंग्टनहून टपाल घेऊन उडालेल्या विमानाचाही क्रमांक हाच होता. उत्तरेला फिलाडेल्फियाकडे जायचे ते विमान वाट चुकले आणि दक्षिणेला मेरीलँडमधल्या वाल्डॉर्फजवळ उतरले. याहून महत्त्वाची गोष्ट दराची आहे. साध्या पत्राला तेव्हा ३ सेंट पडत असताना हवाई पत्राला २४ सेंट, म्हणजे आठपट पैसे मोजावे लागत. लोकांनी पाठ फिरवली. जुलैमध्ये दर १६ सेंटांवर आणि डिसेंबरमध्ये ६ सेंटांवर आणावा लागला, आणि प्रत्येक वेळी त्याच विमानाच्या चित्राचे नव्या रंगातले तिकीट निघाले. निळ्या-लाल, हिरव्या आणि नारिंगी रंगांतली ही तीन तिकिटे शेजारी ठेवली, की एका नव्या सेवेला पहिल्या सात महिन्यांत आलेल्या अडचणींचा हिशेबच समोर येतो. त्यासाठी लाखो डॉलर खर्च करावे लागत नाहीत.

टपालाचा दर हा माझ्या मते या संग्रहाचा कणा आहे. १ जुलै १८४७ रोजी अमेरिकेची पहिली सर्वसाधारण तिकिटे निघाली. तपकिरी ५ सेंटांवर फ्रँकलिन आणि काळ्या १० सेंटांवर जॉर्ज वॉशिंग्टन होते. अर्ध्या औंसाचे पत्र ३०० मैलांच्या आत जायचे असेल तर ५ सेंट, त्यापुढे १० सेंट, असा हिशेब होता. तिकीट लावणे मात्र सक्तीचे नव्हते. बहुतेक पत्रांचे पैसे पूर्वीप्रमाणे घेणाऱ्याकडूनच वसूल होत, आणि घेणाऱ्याने पत्र नाकारले तर टपालखात्याची सगळी मेहनत फुकट जाई. १८५१ मध्ये आधी पैसे भरणाऱ्याला ३ सेंट आणि न भरणाऱ्याला ५ सेंट असा फरक केला गेला आणि १८५५ मध्ये आधी पैसे भरणेच सक्तीचे झाले. एका देशाची पत्र पाठवण्याची सवय सरकारने दोन सेंटांचे आमिष दाखवून कशी बदलली, हे त्या काळातली पाकिटे क्रमाने लावली की दिसू लागते. सुटी तिकिटे अल्बममध्ये कितीही नीट लावली, तरी त्यांतून हे कळत नाही.

यादवी युद्धाचा काळ तर पाकिटांशिवाय समजतच नाही. १८६१ मध्ये दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली, तेव्हा तिथल्या पोस्टांत अमेरिकी तिकिटांचा मोठा साठा पडून होता. तो उत्तरेत आणून विकला गेला असता, तर शत्रूच्या हाती आयता पैसा पडला असता. म्हणून वॉशिंग्टनमधल्या सरकारने तोपर्यंतची सगळी तिकिटे बाद ठरवून नवी छापली आणि लोकांना जुनी बदलून घेण्यासाठी थोडे दिवस दिले. ज्यांना हे कळले नाही, त्यांच्या पत्रांवर 'जुनी तिकिटे मान्य नाहीत' अशा अर्थाचा शिक्का उमटला. असा शिक्का असलेले पाकीट पाहिले, की एका राजकीय निर्णयाची झळ कुण्या साध्या पत्रलेखकापर्यंत कशी पोचली, हे डोळ्यांनी दिसते. पुढच्याच वर्षी लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली, सुट्ट्या पैशांची टंचाई झाली आणि तिकिटेच चिल्लर म्हणून फिरू लागली. ती हाताला चिकटत, फाटत. म्हणून जॉन गॉल्ट नावाच्या व्यापाऱ्याने पितळी डबीत अभ्रकाखाली तिकीट बसवण्याची युक्ती काढली, आणि सरकारने तिकिटांची चित्रे छापलेल्या छोट्या नोटाच काढल्या.

दक्षिणेच्या सरकारने ऑक्टोबर १८६१ मध्ये स्वतःचे पहिले तिकीट काढले, आणि त्यावर हयात असलेल्या जेफर्सन डेव्हिस या स्वतःच्या अध्यक्षाचे चित्र छापले. पुढे नाकेबंदीमुळे तिथे कागद मिळेनासा झाला. भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाची पाकिटे करून लोक पत्रे पाठवू लागले, किंवा आलेले पाकीट उलगडून, आतली बाजू बाहेर घेऊन तेच पुन्हा वापरू लागले. अशा पाकिटाच्या आतल्या बाजूला पहिल्या प्रवासाचे तिकीट आणि पत्ता अजून शाबूत असतो.

युद्धकैद्यांची पत्रे मला याहूनही जवळची वाटतात. पांढरे निशाण लावलेल्या बोटीतून व्हर्जिनियातल्या ठरलेल्या ठिकाणी टपालाची अदलाबदल होई. पत्र लहान असावे लागे, ते तपासले जाई आणि मगच पुढे जाई. यांतल्या काही थोड्या पाकिटांवर उत्तरेचे ३ सेंटांचे आणि दक्षिणेचे १० सेंटांचे तिकीट शेजारी शेजारी चिकटवलेले आहे. दोन सैन्ये एकमेकांवर तुटून पडत होती, आणि एका कैद्याच्या पत्रासाठी दोन्ही सरकारे आपापला दर घेऊन ते पोचवत होती. ही दोन तिकिटे पाण्यात भिजवून सुटी केली, तर दोन अगदी सामान्य तिकिटे हाती राहतील आणि ही सारी हकीकत पाण्याबरोबर वाहून जाईल.

छपाईच्या बारकाव्यांविषयी थोडक्यातच लिहितो. १९०८ ते १९२२ या काळातली वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांची तिकिटे वरवर सारखी दिसतात. छिद्रे मोजून आणि जलचिन्ह तपासूनच ती वेगळी करावी लागतात. नवख्या संग्राहकाला हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगद्रव्ये मिळेनाशी झाली, निकृष्ट शाईने पोलादी पट्ट्या लवकर झिजू लागल्या, आणि १९१८ पासून काही काळ ऑफसेट छपाईकडे वळावे लागले. त्या तिकिटांवरच्या रेषा बोटाला उंचावलेल्या लागत नाहीत, याचे कारण युरोपातल्या युद्धात आहे.

कुणाचे चित्र छापायचे, हा सर्वस्वी सरकारचा निर्णय असल्याने तिकिटावरच्या नावाकडे मी नेहमी लक्ष देतो. १९२२ साली सुरू झालेल्या नेहमीच्या तिकिटांच्या मालिकेत वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट या सर्वांची नावे चित्राखाली छापली आहेत. त्याच मालिकेतल्या १४ सेंटांच्या निळ्या तिकिटावर हॉलो हॉर्न बेअर या ब्रुले लकोटा आदिवासी जमातीच्या प्रमुखाचा चेहरा आहे. खाली मात्र त्याचे नाव नाही. 'अमेरिकन इंडियन' एवढेच शब्द आहेत. चेहरा एका खऱ्या, इतिहासाला ठाऊक असलेल्या माणसाचा आणि ओळख फक्त जमातीची, हे मला आजही खटकते. कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तीचे पहिले तिकीट निघायला १९४० साल उजाडले. ते शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे होते. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयात आदिवासी हा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे, हे मान्य करून घेणारे पोंका प्रमुख स्टँडिंग बेअर यांचे तिकीट २०२३ मध्ये आले. १४ सेंटांचे ते निळे तिकीट आणि हे तिकीट यांच्यामध्ये शंभर वर्षे आहेत.

मराठी वाचकांना आवडेल असे एक उदाहरण महात्मा गांधींचे. स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांवरील मालिकेत अमेरिकेने २६ जानेवारी १९६१ रोजी त्यांची ४ आणि ८ सेंटांची तिकिटे काढली. पहिले देशातल्या साध्या पत्रासाठी आणि दुसरे परदेशी पत्रासाठी होते. सुटी तिकिटे आजही सहज मिळतात, पण त्याच वर्षीच्या पहिल्या सहामाहीत ८ सेंटांचे तिकीट लावून खरोखर परदेशी गेलेले, शिक्का आणि पत्ता स्पष्ट असलेले साधे पत्र मिळवायला संग्राहकाला बरीच शोधाशोध करावी लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये परदेशी पत्राचा दर बदलला, त्यामुळे त्या दरात ८ सेंटांच्या एकट्या तिकिटावर पत्र पाठवायला जेमतेम काही महिनेच मिळाले.

म्हणूनच विनंती अशी की, ज्यांच्याकडे अमेरिकेहून आलेली जुनी पत्रे असतील, त्यांनी तिकिटे कात्रीने कापून घेऊ नयेत आणि वाफेवर किंवा पाण्यात सोडवू नयेत. अलीकडच्या अनेक स्वयंचिकट तिकिटांचा गोंद तर पाण्यात सुटतच नाही. प्रयत्न करताना तिकीटच फाटते. पाकीट आणि आतले पत्र एकत्र ठेवावे, त्याला चिकटपट्टी लावू नये, पीव्हीसीच्या पिशवीत ते ठेवू नये, आणि नाव, गाव, तारीख वाचता येत असेल तर ती पेन्सिलीने वेगळ्या कागदावर नोंदवावी.

आपणांसही एक विनंती आहे. यापुढे अमेरिकी तिकिटाच्या लिलावाची बातमी छापताना त्या काळी टपालाचा दर काय होता, ते पत्र कुठून कुठे गेले आणि तिकीट का काढले गेले, या तीन गोष्टी तरी आपल्या वार्ताहरांनी विचारून घ्याव्यात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयाने आपल्या संग्रहातला बराच भाग इंटरनेटवर सर्वांना पाहायला खुला ठेवला आहे. त्यामुळे ही माहिती मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. बातमी दोन ओळींनी वाढेल, पण वाचकाला डॉलरच्या आकड्याबरोबर त्या पत्राची हकीकतही कळेल.

आपला,
एक तिकीट संग्राहक