कांजिण्या : पालकांसाठी सूचना

पालकहो, जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीत तीन मुलांना कांजिण्या आल्या आहेत. रविवारी सकाळी १० वाजता खालच्या हॉलमध्ये बैठक आहे. घरटी एकाने यावे, मुलांना आणू नये.

तोपर्यंत :

• सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत किंवा खाली खेळायला पाठवू नका. पुरळ दिसण्याच्या १-२ दिवस आधीपासूनच मुलाकडून इतरांना लागण होऊ शकते.

• नखे कापा, सैल सुती कपडे घाला. पाणी लावायचे नाही म्हणून मुलाला घामात ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात खाज आणखी वाढते. कोमट पाण्याने अंघोळ घाला, अंग टिपून घ्या. रात्री खाजेने रडले तर रागावू नका, लेकराला खरंच सहन होत नाही.

• ॲस्पिरिन अजिबात नको.

• कांजिण्या न झालेल्या गरोदर बायकांनी आजारी मुलाच्या घरी जाऊ नये.

धाप लागली किंवा मूल सुस्तावले तर लगेच डॉक्टरांकडे न्या.