पोलवरचा पत्रा अजून तसाच आहे, ताई

ताई, नमस्कार.

तुम्ही नागपूरला परत गेलात, पारावरचे कंदीलही उतरले. आमच्या दारासमोरच्या पोलवर दिव्याला तुम्ही बांधून घेतलेला पत्रा मात्र जागेवर आहे. तो रोज दिसतो, म्हणून हे पत्र.

तुम्ही पिंपळाला पिवळे कंदील बांधायला लागलात तेव्हा गावाला वाटलं, बोंडअळीचे प्रकाश सापळे आले. मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, विचारलंच, "पऱ्हाटी तं वावरात हाय, इथं कायले लावून राहिल्या?" तुम्ही हसला नाहीत. त्यांना शेजारी बसवून दाखवलं. उजेड पाच सेकंद चढतो, पाच सेकंद उतरतो, मिनिटाला सहा वेळा. आपण त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, बस. मामाजी त्या रात्री उठायलाच तयार नव्हते. त्याच पारावर ते पूर्वी रोज सांजेला तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसत. मुलगा, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. लोकही आमच्या दारावरून मान खाली घालूनच जायचे. त्या रात्री कोणीतरी सरकून त्यांना जागा दिली.

पण माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. तुम्ही पाणी प्यायला आलात आणि विचारलंत, एवढ्या उकाड्यात रात्री दार का लावता? मी म्हटलं, पोलवरचा पांढरा दिवा सरळ गोठ्यावर पडतो. तुम्ही गोठ्याकडे एकदा पाहिलंत. पुढे एक शब्द विचारला नाहीत.

सांजेला वायरमनदादाला घेऊन आलात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापलात, कोणाला लागू नये म्हणून त्याच्या कडा पक्कडने आत वळवल्यात. दादांनी तो दिव्याच्या एका बाजूला तारेने बांधला. रस्ता उजेडात राहिला, गोठा अंधारात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी दार उघडं ठेवून झोपले.

त्या दिव्यासाठी मी किती जणांपुढे हात जोडले होते! "दिवा तर चालू आहे ना, मग तक्रार कसली?" हेच उत्तर. त्याआधी, ह्यांनी गोठ्यात जीव दिला तेव्हा, चौकशीला आलेल्यांनी सातबारा पाहिला, तो मामाजींच्या नावावर, कर्जही त्यांच्याच. ह्यांचं मरण 'अपात्र' ठरलं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर घरच्यांना 2006 पासून एक लाखाची सरकारी मदत आहे, 30 हजार हातात अन् 70 हजार ठेवीत. ती मिळाली असती तर पोरांच्या कामी आली असती, खोटं कशाला बोलू? पण जास्त लागला तो शब्द. कागद दारातच दिला, ओट्यावर टेकलेही नाहीत.

तुमच्याकडे ना शिक्का होता, ना अधिकार. दुसऱ्याच्या घरात काय दुखतं ते न खोदता ओळखणारी माणसं अजून आहेत, एवढ्यानेच मला धीर आला. पोरांनाही मी तेच सांगते.

मामाजी विचारत असतात, "नागपूरवाली पोरगी कधी येते?" पावसाळ्याआधी वायरमनदादांकडून तार बदलून घेणार आहे. पत्रा तोच ठेवते.

तुमची,
गोठ्याजवळच्या घरातली ताई